लिस्ट, ट्युपल की डिक्शनरी: पायथन शिकताना माहिती कशात ठेवावी?

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लूप आणि फंक्शनपर्यंत पोहोचलेल्या नागपूरच्या विद्यार्थ्यांना हमखास पडणारा प्रश्न म्हणजे माहिती नेमकी कशात साठवायची. लिस्ट, ट्युपल आणि डिक्शनरी या तिन्ही प्रकारांत ती मावते, त्यामुळे ‘कोणताही वापरा’ असा सल्ला सहज दिला जातो. माझ्या मते तो अपुरा आहे. पुढे त्या माहितीतून काय शोधायचे आहे, हे आधी ठरवावे आणि मग निवड करावी.

कळमना बाजारात दिवसभर येणाऱ्या संत्र्यांच्या गाड्यांची आवक नोंदवायची असेल, तर लिस्ट सोयीची ठरते. गाडी आली की अपेंडने नोंद शेवटी जोडता येते, क्रम टिकतो आणि एकच वजन दोनदा आले तरी बिघडत नाही. मात्र एखादी नोंद शोधताना पायथन पहिल्या घटकापासून एकेक तपासत जातो. लाख नोंदींतली हवी ती शेवटी असेल, तर लाखही तपासाव्या लागतात.

लिस्टच्या बाबतीत नवशिक्यांना सर्वाधिक गोंधळात टाकते ती बरोबरची खूण. पायथन 3 मध्ये नावे देवनागरीतही देता येतात, म्हणून समजा ‘नवी = जुनी’ असे लिहिले; त्याने दुसरी लिस्ट तयार होत नाही, तर एकाच लिस्टला दोन नावे मिळतात आणि ‘नवी’त केलेला बदल ‘जुनी’तही दिसतो. वेगळी प्रत हवी असल्यास कॉपी मेथड वापरावी. लिस्टच्या आत लिस्ट असतील, तर तेवढ्यानेही भागत नाही, कारण आतल्या लिस्ट सामायिकच राहतात. तेथे आतल्या लिस्टचीही प्रत करणारी डीपकॉपी लागते.

ट्युपल एकदा तयार झाल्यावर त्यातील घटक बदलता, वाढवता किंवा काढता येत नाहीत. ही उणीव वाटते, परंतु तिचा मोठा उपयोग डिक्शनरीसोबत होतो. डिक्शनरीत प्रत्येक नोंद की (key, म्हणजे जिच्यावरून शोधायचे ती खूण) आणि व्हॅल्यू (तिच्यापुढील माहिती) अशा जोडीने असते. नागपूर मेट्रोच्या भाड्याचे कोष्टक करताना (‘खापरी’, ‘सीताबर्डी’) ही जोडी की म्हणून आणि भाडे व्हॅल्यू म्हणून ठेवता येते. तीच जोडी चौकोनी कंसात, म्हणजे लिस्ट म्हणून दिली, तर टाइप एरर येतो, कारण लिस्ट बदलू शकते. एकाच घटकाचे ट्युपल करताना त्यापुढे स्वल्पविराम द्यावाच लागतो, नुसत्या गोल कंसांनी ते होत नाही.

नावावरून शोध घ्यायचा असेल, तर मी निःसंकोच डिक्शनरी सुचवेन. ती हॅशिंगवर चालते, म्हणजे कीवरूनच नोंदीची जागा काढते, त्यामुळे नोंदी वाढल्या तरी शोधाचा वेळ सरासरी तेवढाच राहतो. मोबदल्यात मेमरी अधिक लागते. तिच्यात क्रम राहत नाही, ही समजूत आता जुनी झाली आहे, कारण 2018 मध्ये आलेल्या 3.7 आवृत्तीपासून नोंदी घातल्याच्या क्रमाने राहण्याची हमी भाषेनेच दिली आहे. नसलेली की थेट मागितली तर की एरर येतो. गेट मेथडने मागितल्यास नन (None, म्हणजे ‘काहीच नाही’) किंवा आपण ठरवलेली व्हॅल्यू मिळते.

बाजाराच्या नोंदीत मात्र डिक्शनरी जपून वापरावी. आडत्याचे नाव की आणि वजन व्हॅल्यू ठेवले, तर त्याच आडत्याकडे दुसरी गाडी येताच पहिले वजन कोणताही एरर न येता पुसले जाते, आणि संध्याकाळची बेरीज कमी भरते. अशा वेळी प्रत्येक नावापुढे वजनांची एक लिस्ट ठेवावी आणि नवे वजन तिलाच अपेंड करावे.