बदकाच्या पिल्लांची पूरकं: यीस्ट घ्या, कॅल्शियमचा डबा दूर ठेवा

कोंबडीच्या पिल्लांचं स्टार्टर (पहिल्या आठवड्यांचं) खाद्य बदकाची पिल्लं आवडीने खातात, वाढतातही. मग दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एखादं पाय अधू होऊन खाली बसतं. खाद्य शिळं नसतं, चूक हिशेबाची असते: नायसिन (ब-3 जीवनसत्त्व) कमी पडलेलं असतं. बदकाच्या पिल्लाला एक किलो खाद्यात 55 मिलिग्रॅम नायसिन लागतं, तर मांसाच्या कोंबडीच्या पिल्लाचं 35 मिलिग्रॅममध्ये भागतं. कोंबडी ट्रिप्टोफॅनपासून (प्रथिनांतल्या एका अमिनो आम्लापासून) थोडंफार नायसिन अंगातच तयार करते, बदकाला ते फारसं जमत नाही. त्यात मक्यातलं बरंचसं नायसिन बांधलेल्या रूपात असतं आणि न पचता बाहेर पडतं. म्हणून कुठलाही डबा हातात घेतला की आधी हेच पाहायचं: पिल्लाच्या पोटात यातून नायसिन किती जाणार?

या कसोटीवर साधी ब्रूअर्स यीस्टची (बिअर बनवताना वापरतात त्या, वाळवलेल्या निर्जीव यीस्टची) पावडर सगळ्यांत उजवी ठरते. चांगल्या सुक्या यीस्टच्या 100 ग्रॅममध्ये 40 ते 45 मिलिग्रॅम नायसिन असतं. एक किलो स्टार्टरमध्ये 50 ग्रॅम यीस्ट मिसळलं की सुमारे 22 मिलिग्रॅमची भर पडते. खाद्यात मुळात 35 मिलिग्रॅम असेल, तर मिश्रण 55 च्या आसपास पोचतं, पण जेमतेम. त्यामुळे किलोला 75 ग्रॅमचं माप धरावं. लेबलवर 100 ग्रॅममागे 10-15 मिलिग्रॅमच लिहिलं असेल, तर त्या डब्यात यीस्टपेक्षा इतर पदार्थांची भर जास्त आहे. तो घेऊ नये. वरून जीवनसत्त्वं घातलेलं न्यूट्रिशनल यीस्ट चालतं, त्यात नायसिन बरंच जास्त असतं, फक्त माप लेबल पाहून कमी करावं लागतं. पाव फुगवायचं जिवंत यीस्ट मात्र नको. ते पोटात आंबतं आणि वायू धरतो.

यीस्टचा खरा त्रास मिसळण्यात आहे. कोरड्या चुऱ्यावर पावडर भुरभुरवली की पिल्लं चोचीने दाणे उचलतात आणि पिवळसर भुकटी भांड्याच्या तळाशी तशीच उरते. दिवसाअखेर तळ पिवळा दिसला, तर तेवढं नायसिन पोटात गेलेलं नाही असं समजा. उपाय सोपा आहे. खाद्यावर थोडं कोमट पाणी शिंपडा, दाणे ओलसर झाले की यीस्ट घाला आणि हाताने चोळा, म्हणजे पावडर दाण्याला चिकटते. लगदा करू नका. ओलं खाद्य दोन-तीन तासांत संपेल एवढंच कालवा, कारण उबेत ते आंबतं आणि बुरशीही धरतं.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. यीस्टमध्ये जवळजवळ 45 टक्के प्रथिनं असतात. 20 टक्के प्रथिनांच्या खाद्यात किलोला 75 ग्रॅम यीस्ट घातलं, तर प्रथिनं पावणेबावीस टक्क्यांपर्यंत जातात. पहिले दोन आठवडे हे योग्यच आहे. पुढे 16 टक्के प्रथिनांच्या ग्रोअर (वाढत्या पिल्लांच्या) खाद्यावर यावं, पण यीस्ट बंद करू नये. वाढ फार वेगाने झाली की पंखाचं टोक बाहेर वळायची भीती असते.

नायसिनची गोळी किंवा पावडर पाण्यातून देणं हा दुसरा पर्याय. प्रमाण लिटरला 30 ते 40 मिलिग्रॅम, म्हणजे 100 मिलिग्रॅमची एक गोळी तीन लिटर पाण्यात. नायसिन दोन रूपांत मिळतं. त्यातलं निकोटिनामाइड चटकन विरघळतं. निकोटिनिक अ‍ॅसिड आधी थोड्या गरम पाण्यात ढवळून घ्यावं. हळूहळू सुटणारी गोळी घेऊ नये. रोजच्या वापराला मात्र हा मार्ग भरवशाचा नाही. बदकाची पिल्लं नाक धुतात, पाणी उडवतात, भांड्यात उतरतात. निम्मा डोस जमिनीवर जातो. पण पिल्लू आधीच लंगडत असेल, तर हेच पहिलं औषध, कारण आजारी पिल्लू खाणं सोडतं तरी पाणी पितं.

ते पिल्लू ओळखायचं कसं? भांडं ठेवताच सगळी धावतात आणि हे मागे राहतं. दोन पावलं टाकतं, घोट्यावर बसतं, पंख टेकवून पुन्हा उठू पाहतं. घोट्याचा सांधा जाड दिसतो, पाय बाहेरच्या बाजूला वाकू लागतात. या टप्प्यावर नायसिन मिळालं तर काही दिवसांत चाल सुधारते. हाड वाकून बसलं किंवा शीर (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) सांध्यावरून सरकली, तर कुठलंही पूरक ते सरळ करत नाही. म्हणून इथे एक दिवसही वाट पाहू नका.

पाण्यात मिसळायची मल्टिव्हिटॅमिन द्रावणं दिसायला आकर्षक, पण नायसिनसाठी बहुधा अपुरी. एका मिलिलिटरमधलं नायसिन गुणिले एका लिटरला सांगितलेले मिलिलिटर, असा गुणाकार करा. उत्तर 30 च्या खाली आलं, तर बाटलीवर बदकाचं चित्र असलं तरी उपयोग नाही. डोस दुप्पट-तिप्पट करून भरपाई करायला जाऊ नका. जास्तीचं नायसिन शरीर बरंचसं बाहेर टाकतं, पण अ आणि ड जीवनसत्त्वं अंगात साठतात, आणि ड जास्त झालं की मूत्रपिंडात कॅल्शियम जमतं. हे पाणी रोज बदला आणि उन्हात ठेवू नका, उजेडात त्यातलं रायबोफ्लेविन (ब-2 जीवनसत्त्व) लवकर नासतं. साखरेच्या आधारावरच्या पावडरीने भांड्याला बुळबुळीत थर चढतो, तो घासून काढावा लागतो.

कॅल्शियम पावडर, शिंपल्यांचा चुरा आणि गुरांचं खनिज मिश्रण पिल्लांना अजिबात देऊ नये. पिल्लाच्या खाद्यात 0.65 टक्के कॅल्शियम पुरतं. अंड्यावरच्या पक्ष्यांच्या खाद्यात ते साडेतीन-चार टक्के असतं आणि तेवढ्याने पिल्लाची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पाय अधू दिसला की कॅल्शियम चारायची सवय यामुळेच घातक आहे. चोच रबरासारखी वाकत असेल तर ड जीवनसत्त्व, कॅल्शियम किंवा फॉस्फरसचा प्रश्न असू शकतो. एकाच पायाची शीर सरकली असेल तर मँगनीज (खनिज) किंवा कोलीन (जीवनसत्त्वासारखं पोषक द्रव्य) कमी पडतंय का ते पाहावं. गुळगुळीत जमिनीवर पाय फाकले असतील, तर आधी खाली खडबडीत कापड अंथरा.

बुरशी धरलेला मका असेल तर वरची सगळी मापं व्यर्थ. अफ्लाटॉक्सिनला, म्हणजे बुरशीतून तयार होणाऱ्या विषाला, बदकाची पिल्लं इतकी नाजूक असतात की हे विष तपासण्यासाठी एकेकाळी त्यांचाच वापर होत असे. यकृत बिघडतं, पाय लुळे पडतात, आणि बघणाऱ्याला ते नायसिनच्या कमतरतेसारखं वाटतं. पोत्याला कुबट वास आला किंवा खाद्याचे गोळे झालेले दिसले, तर पोतं फेकून द्या. वर यीस्ट घालून ते वापरू नका. यीस्टचा डबाही घट्ट झाकणाचा हवा, आणि त्यात ओला हात किंवा ओला चमचा घालू नये.