शिवभोजन थाळी: ताटात नेमकं काय मिळतं?

2019 च्या विधानसभा निवडणुकीत शिवसेनेचं 10 रुपयांत जेवणाचं वचन होतं. उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाल्यावर 26 जानेवारी 2020 ला ते ताटात आलं. 30 ग्रॅमच्या दोन चपात्या, 100 ग्रॅम भाजी, 150 ग्रॅम भात, 100 ग्रॅम वरण. शहरात थाळीची किंमत 50 रुपये धरलेली, त्यातले 40 सरकार देतं. ग्रामीण भागात 35 पैकी 25.

सुरुवातीला वेळ दुपारी 12 ते 2 होती. केंद्र उघडताच जावं. थाळ्यांचा रोजचा आकडा ठरलेला असतो, तो संपला की खिडकी बंद. उशिरा गेल्यास सकाळी लाटून रचलेल्या चपात्या वातड होतात, कारण वाफ धरून खालच्या ओल्या आणि वरच्या कडक पडतात. वरणाचं पातेलं पुरवायला पाणी वाढवलं जातं. पळी तिरकी केल्यावर डाळ मागे राहिली नाही, तर ओळखावं. भात मात्र बहुधा गरम मिळतो.

पोती वाहणाऱ्या हमालाला दोन चपात्या कमीच पडतात. तिसरी हवीच होती. अनुदान थकलं की केंद्रचालक आधी भाजीत बटाटा वाढवतो. तरीही बाजार समितीत, एसटी स्थानकावर या पैशांत बसून गरम जेवण दुसरीकडे मिळत नाही.