दाढ काढली, आता ब्रिज की इम्प्लांट?

म्हापशातल्या मावसभावाची खालची दाढ काढली, आता तो दोघांत अडकलाय. "लाइफटाइम" वगैरे जाहिराती सोड रे बाबा, नीट ऐक.

ब्रिज म्हणजे शेजारच्या दोन दातांवर कॅप घालून मधे टांगलेला खोटा दात. तो लगेच खिशाला हलका वाटतो आणि साधारण दोन-तीन आठवड्यांत काम संपतं, पण त्यासाठी शेजारचे दोन दात घासून बारीक करतात. ते आधीच किडलेले, रूट कॅनलवाले असतील तर ठीक, कॅप नाहीतरी घालायचीच असते. पण चांगले धडधाकट दात घासायचे म्हणजे मला तरी जीवावर येतं, एकदा घासले की परत येत नाहीत. आणि ब्रिजखाली साधा फ्लॉस (दातांमधून फिरवायचा धागा) जात नाही, कडक टोकाचा सुपरफ्लॉस किंवा बारीक ब्रश लागतो, नाहीतर सुंगटाचे (कोळंबीचे) धागे तिथेच राहतात आणि कॅपखाली कीड लागते. नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षं जातो.

इम्प्लांट म्हणजे हाडात टायटॅनियमचा स्क्रू, हाड त्याला धरायला बहुतेक तीन ते सहा महिने, मग वर कॅप. खर्च जास्त, हाड कमी असेल तर ग्राफ्टचा, म्हणजे हाड भरण्याचा, वेगळा. शेजारचे दात मात्र शाबूत. इम्प्लांट किडत नाही, पण हिरडी सुजून हाड झिजू शकतं, म्हणजे साफसफाई चुकत नाहीच. सिगरेट किंवा कंट्रोलबाहेरची शुगर असेल तर फेल व्हायचा धोका वाढतो.

शेजारचे दात चांगले, शुगर ताब्यात, थांबायची तयारी असेल तर इम्प्लांट. शेजारी आधीच कॅपवाले, किंवा ऑपरेशन नकोच असेल तर ब्रिज. आणि कोटेशन एकाच क्लिनिकचं घेऊ नकोस, बांबोळीच्या डेंटल कॉलेजातही दाखव.