काटा कधी हललाच नाही

जुनी गाडी बघायला गेलात, बॉनेटवर हात ठेवलात आणि ते गरम लागलं, तर मालकाला सांगा, "इंजिन गार झाल्यावर येतो." मी पोचलो तेव्हा गाडी चालूच होती. "तुम्ही येणार म्हणून आत्ताच एक चक्कर मारून आणली," मालक हसून म्हणाला. किती जपतो हा माणूस गाडीला, असंच कुणालाही वाटेल.

गरम इंजिन बरंच काही झाकतं. गार असताना स्टार्टर किती वेळ कण्हतो, सायलेन्सरमधून पहिला धूर कोणत्या रंगाचा येतो, यातलं काही कळत नाही. इथे झाकलेली गोष्ट जास्त बेरकी होती. तापमानाचा काटा बरोबर मध्यावर होता. चढावर घातली, तरी मध्यावर. गरम इंजिनाचा काटा तिथेच असतो, मग शंका कशाची घेणार? किंमत इतकी कमी की घासाघीस करायलाही लाज वाटावी.

मग एक दिवस सिग्नलला बॉनेटच्या फटीतून वाफ निघाली. बघता बघता समोरचं दिसेना. काटा? मध्यावर, शांत. पाठोपाठ इंजिन बंद पडलं. चार भले लोक ढकलायला धावले. गाडी कडेला घ्यायची म्हणून मी स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळवलं आणि हॉर्न सुरू झाला. ही गाडी वळताना अधूनमधून किंचाळते हे तोवर माहीत झालं होतं, पण आता ती थांबेचना. मागून घामाघूम आवाज आला, "अहो, ढकलतोय आम्ही, आणि वर हॉर्न तुम्हीच मारताय?" स्टिअरिंग सरळ केलं की हॉर्न बंद, पण गाडी चौकाच्या मधोमध निघायची. शेवटी बोंबलतच कडेला लागलो. तेवढ्यात एक उत्साही गृहस्थ रुमाल गुंडाळून रेडिएटरचं झाकण फिरवायला निघाले. हॉर्नमध्ये माझं ओरडणं त्यांना ऐकू जाईना, म्हणून धावत जाऊन हात धरला. आत दाबाखाली पाणी शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण सैल होताच ते सगळं तोंडावर उसळतं.

मेकॅनिकनं खाली वाकून बघितलं आणि हसायलाच लागला. तापमानाच्या सेन्सरची वायर काढून तिथे एक छोटासा रेझिस्टर जोडला होता. सेन्सरचा रोध तापमानाप्रमाणे बदलतो आणि त्यावर काटा हलतो. रेझिस्टरचा रोध बदलतच नाही, त्यामुळे इंजिन थंडगार असो की भट्टी झालेलं, काटा आपला मध्यावर. मूळ दुखणं हेड गॅस्केटचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या-खालच्या भागांमधल्या, पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणाऱ्या पॅकिंगचं होतं. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी साधं पाणी आणि गळती बुजवायची पावडर. इंजिन ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ, पिवळट थर. हा थर गार हवेत फक्त जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या चांगल्या गाडीतही थोडा धरतो, पण पाणीही कमी होत असेल तर संशय घ्याच.

ही चलाखी पकडायला काही लागत नाही. गार इंजिनात किल्ली फिरवा, पण स्टार्ट करू नका. तापमानाचा काटा तळाशी हवा. त्याच वेळी चेक इंजिन, ऑइल, बॅटरी हे दिवे लागायला हवेत आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवेत. एखादा दिवा लागलाच नाही, तर तो बिघडलेला तरी असतो किंवा मुद्दाम काढलेला. माझ्या गाडीत चेक इंजिनच्या दिव्याचा बल्बच नव्हता. आणि हो, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून बघा.

मालकाला फोन केला. "माझ्याकडे होती तोवर काटा कधी मध्याच्या वर गेला नाही," तो म्हणाला. हे मात्र अक्षरशः खरं होतं! शिवाय कागदावर 'गाडी आहे त्या स्थितीत दिली' एवढंच लिहिलेलं. त्यामुळे 'इंजिन कधी तापलेलं नाही, उघडलेलं नाही' असं जे तोंडी सांगतात, ते त्याच कागदावर सहीनिशी मागा. तेव्हा त्याला पेन सापडेनासं झालं, तर तुम्ही निघा.