आबांचा सेकंडहँड फोन: आठ महिन्यांनंतर

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगते. साडेनऊ हजारांना घेतलेला, वापरलेला सॅमसंग गॅलेक्सी ए५२एस ५जी गेल्या दिवाळीपासून राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावी आबांकडे आहे आणि त्याच्यावरून घरात बसून फोन लागतो. पुण्यामुंबईच्या माणसाला यात विशेष वाटणार नाही. आमच्याकडे फोन करायचा म्हणजे चप्पल घालून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर जायचं, काजूच्या एका ठरलेल्या झाडाखाली उभं राहायचं आणि बोलताना डावीकडे वळायचं नाही. आबांचं वय पंचाहत्तर. पावसात सड्याची वाट शेवाळते. त्यामुळे नवा फोन हवा ही हौस नव्हती.

हा आमचा दुसरा प्रयत्न. पहिला फसला, आणि तो का फसला ते सविस्तर लिहिते, कारण खरी शिकवणी तिथेच झाली.

गावाच्या पलीकडच्या डोंगरावर बीएसएनएलचा ४जी टॉवर आला. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली होती, ४जी न पोचलेल्या २४,६८० गावांसाठी. देशी बनावटीच्या या ४जीचं औपचारिक उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ ला ओडिशातल्या झारसुगुड्याहून झालं. आता गावात रेंज म्हणाल तर ही एकच. आबांचा आधीचा फोन जुना ४जी होता, त्यात बीएसएनएलचं सिम घातलं तर काहीच दिसेना. शेजारच्या मुलाच्या फोनवर मात्र दांडे. म्हटलं, फोन जुना झाला असेल, बदलून टाकू. पुण्यात एका दुकानातून सेकंडहँड ५जी फोन घेतला. दुकानात माझं सिम घालून पाहिलं, इंटरनेट सुसाट. गावी नेला आणि पडवीत उभी राहून सिम घातलं: ‘नो सर्व्हिस’. आबा म्हणाले, “अगो, हा तर आधीच्यापेक्षा महाग मुका आणलास.”

घोळ बँडचा होता. हे नीट समजून घ्या, फोन परवडणारा मिळेल की नाही ते पुढे बघू. प्रत्येक कंपनीचे टॉवर ठरावीक लहरींवर बोलतात आणि त्या लहरींना क्रमांक आहेत. जिओचं ४जी ३, ५ आणि ४० या बँडवर चालतं. एअरटेल आणि व्ही (व्होडाफोन आयडिया) यांचं मुख्यतः १, ३, ८ वर, त्यात एअरटेलचा ४० आणि व्हीचा ४१. बीएसएनएलचं नवं ४जी आहे बँड २८ वर, म्हणजे ७०० मेगाहर्ट्झ, आणि बँड १ वर, म्हणजे २१०० मेगाहर्ट्झ. भारतासाठी बनलेल्या कितीतरी जुन्या ४जी फोनच्या यादीत १, ३, ५, ८, ४०, ४१ एवढेच आकडे असतात. शहरात त्यांचं काही अडत नाही. आमच्या डोंगरावरचा टॉवर २८ वर बोलतो, आणि तो आकडा यादीत नसेल तर फोनला तो टॉवर ऐकूच येत नाही. बहिऱ्यापुढे कीर्तन.

मग ५जी फोन का फसला? दुकानदाराने मला यादी दाखवली होती, बोट ठेवून: “हे बघा ताई, २८ आहे.” होता खरा, पण तो ५जीच्या रांगेत. जिओचं ५जी ७०० मेगाहर्ट्झवरही चालतं, त्यामुळे फोनच्या माहितीत ‘एन२८’ लिहिलेलं असतं. पुढे ‘एन’ असेल तर तो ५जीचा बँड. बीएसएनएलच्या ४जीला लागतो तो नुसता २८ किंवा ‘बी२८’, तोही एलटीईच्या, म्हणजे ४जीच्या रांगेत. लहर तीच, पण ४जीची भाषा वेगळी आणि ५जीची वेगळी. दुकानदाराला तरी हे माहीत होतं का, देव जाणे. फोन परत घेतला, आठशे रुपये कापून. बिलावर परतीची अट लिहून घेतली नव्हती, त्यामुळे भांडायला तोंड नव्हतं.

दुसऱ्या वेळी आधी यादी केली आणि मग फोन शोधला. ए५२एस भारतात सप्टेंबर २०२१ मध्ये ३५,९९९ रुपयांपासून आला होता. एलटीईच्या रांगेत १, ३, ५, ८, २८, ४०, ४१ सगळे आहेत, शिवाय परदेशात चालणारे अनेक. म्हणजे उद्या आबांचं सिम बदललं तरी फोन बदलायला नको. ऑफिसमधल्या एकाच्या भावाचा होता. मूळ बिल, खोका, आणि मालक समोर. मला दुकानाच्या तीन महिन्यांच्या वॉरंटीपेक्षा हे जास्त मोलाचं वाटलं.

याच नावाचा कोरियाचा पीसही बाजारात फिरतो, दीड हजाराने स्वस्त. सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’ उघडून मॉडेल नंबर बघा: आपल्याकडचा ए५२८बी, कोरियाचा ए५२८एन. कोरियाच्या पीसमध्ये फोटो काढताना खटक्याचा आवाज सहसा बंद करता येत नाही, तिकडचा तसा दंडक आहे. पण मला भीती व्होल्टीची होती, म्हणजे ४जीवरूनच साधा कॉल लावायच्या सोयीची. परदेशी सॉफ्टवेअरच्या फोनमध्ये आपल्या कंपन्यांचं व्होल्टी चालेलच याची खात्री नसते, आणि व्होल्टी नसेल तर ४जीवर इंटरनेट येतं पण कॉल जात नाही. जिओकडे तर २जी-३जी मुळातच नाही, २०१६ मध्ये सुरू झाल्यापासून त्यांचा साधा कॉलसुद्धा ४जीवरूनच जातो. बँड जुळले तरी व्होल्टीचं बटण सेटिंगमध्ये दिसतंय का, आपल्याच सिमवर कॉल लावून घंटा वाजेपर्यंत ४जीची खूण टिकते का, हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

ऑफिसच्या कँटीनमध्ये चहा गार होईपर्यंत मी तो फोन तपासत होते, विकणारा कंटाळला. *#०६# दाबून दोन्ही आयएमईआय, म्हणजे फोनचे ओळख क्रमांक घेतले आणि खोक्यावरच्या, बिलावरच्या आकड्यांशी जुळवले. मग १४४२२ वर एसएमएस: इंग्रजीत केवायएम, एक जागा सोडून पंधरा आकडी क्रमांक. दोन सिमच्या फोनला दोन क्रमांक, दोन्ही पाठवायचे. ‘ब्लॅकलिस्टेड’ किंवा ‘डुप्लिकेट’ असं उत्तर आलं तर चहाचे पैसे देऊन उठायचं. मे २०२३ पासून संचार साथी हे सरकारी पोर्टल आहे, चोरीचा फोन कुठल्याही कंपनीच्या सिमवर बंद पडू शकतो. नंतर मालकालाच सांगितलं, तुमचं गुगल खातं काढा, फोन कोरा करा, आणि माझ्यासमोर पहिल्यापासून चालू करा. जुन्या खात्याचा पासवर्ड मागितला तर फोन अजून त्याचाच. हप्त्यावर घेतलेल्या फोनमध्ये फायनान्सवाल्यांचं कुलूप असू शकतं, तेही याच वेळी उघडं पडतं. *#०*# ने पडद्याचे रंग पाहिले. हिरवी रेघ नाही, डाग नाही.

आता वापर.

रेंजबद्दल आधी. *#००११# दाबलं की फोन कुठल्या बँडवर आहे ते कळतं. पडवीत मी ते उघडलं आणि त्या हिरव्यागार आकड्यांच्या जंजाळात बँडपुढे २८ दिसला, तेव्हा मला दहावीच्या निकालाइतका आनंद झाला. आमचं घर चिऱ्याचं, भिंती हातभर जाड, समोर डोंगर. ७०० मेगाहर्ट्झची लहर लांब असते, ती जास्त दूर जाते आणि भिंतीतून, झाडीतून कमी मरते, म्हणून खेड्यापाड्यात ती कामाची. पडवीत दोन-तीन दांडे, माजघरात एक, न्हाणीत शून्य. माजघरातल्या एका दांड्यावर कॉल लागतो आणि टिकतो. व्हिडिओ कॉल पडवीतूनच करायचा, माजघरात चेहऱ्याचे चौकोन होतात. वेग मोजायच्या फंदात मी पडले नाही. व्हॉट्सॲप, भजनांचे व्हिडिओ आणि बाजारभाव, एवढं विनातक्रार चालतं. नावात ५जी आहे, पण गावात ५जी नाही. त्यासाठी मी एक पैसाही जास्त दिला नसता.

बॅटरी ४५०० एमएएचची, आणि चार वर्षं घासलेली. पुण्यात मी आठवडाभर वापरला तर संध्याकाळी सहाला चार्जर शोधत होते. अधिकृत केंद्रातून बदलून घेतली. तिथे मला आतलं दाखवलं: पडद्याच्या कडेने मूळ पट्टीऐवजी बाहेरचा पिवळट गोंद. म्हणजे पहिल्या मालकाने कधीतरी बाहेर पडदा बदलला होता आणि सांगितलं नव्हतं. कागदावर हा फोन आयपी६७, पाण्यात पडला तरी चालेल असा. एकदा असा उघडला की ते विसरायचं. सेकंडहँड फोन कितीही जलरोधक म्हणवला तरी पावसात प्लास्टिकची पिशवी हवीच. आबा ती वापरतात, दुधाची, धुऊन वाळवलेली. नव्या बॅटरीवर त्यांचा फोन दीड दिवस जातो. वीज गेली की हा दीड दिवस फार मोठा असतो.

कॅमेऱ्याची मला फिकीर नव्हती, पण सगळ्यात जास्त सुख त्यानेच दिलं. आबांचा हात थरथरतो. यात ओआयएस आहे, म्हणजे भिंगच हलून हाताचा कंप सावरतं. जानेवारीत त्यांनी हापूसच्या मोहोराचे फोटो पाठवले, तुडतुडे ओळखू येतील इतके स्वच्छ. पूर्वी त्यांचे फोटो म्हणजे पळत्या बसमधून काढलेले वाटायचे. या किमतीच्या आसपासच्या नव्या फोनमध्ये मला ओआयएस सापडलं नाही.

बोटाचा ठसा पडद्याखाली घेतो, पण जन्मभर कोयता धरलेल्या बोटांवर रेषा उरतात कुठे. दहा वेळा प्रयत्न करून सोडून दिलं, चार आकडी पिन ठेवला. इझी मोड लावला, अक्षरं मोठी झाली, घरच्या चार माणसांचे फोटो समोर आले. मराठी बोलून टाइप करायला त्यांना आता मजा येते. मात्र ‘चिरेखाण’ म्हटलं की ते दर वेळी कोणत्या तरी खानाचं नाव लिहितं.

एक गोष्ट आधी लक्षात आली नव्हती. सिमचा ट्रे संकरित आहे: दोन सिम, किंवा एक सिम आणि एक मेमरी कार्ड. आबांचा बँकेला जोडलेला जुना नंबर दुसऱ्या कंपनीचा, तिची गावात रेंज नाही. दोन्ही सिम घातली तर भजनांचं कार्ड बाहेर, आणि ओटीपी तरीही येईना. यूपीआय सुरू करताना बँकेच्या नंबरवरून एसएमएस जावा लागतो, तो सड्यावर जाऊनही अडकला. शेवटी तो नंबरच बीएसएनएलमध्ये पोर्ट केला. १९०० वर एसएमएस, आलेला कोड चार दिवसच चालतो हे ध्यानात ठेवून तिसऱ्या दिवशी राजापूरला केंद्रात जाऊन नवं सिम घेतलं, तिथेच व्होल्टी चालू आहे ना ते विचारून घेतलं. आता एकच सिम, दुसऱ्या खाचेत कार्ड. हेडफोनचं भोक अजून असलेला फोन आहे, त्यामुळे दुपारी आबा भजनं ऐकतात आणि आईची झोपमोड होत नाही.

खटकतं ते सांगते. सॅमसंगने याला तीन मोठी अँड्रॉइड अपडेटं दिली, १४ वर गाडी थांबली, आणि सुरक्षेची चार वर्षं आम्ही घेईपर्यंत सरलेली होती. हे माहीत असूनच घेतला, पण माहीत असल्याने धोका कमी होत नाही. म्हणून यूपीआय मुख्य खात्याला जोडलेलंच नाही. एक छोटं बचत खातं, त्यात दोन-तीन हजार, संपले की मी पाठवते. अनोळखी लिंक उघडायची नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं पाठ आहे, कारण ते कुठलीच लिंक उघडत नाहीत.

तुमच्या घरी जिओ किंवा एअरटेल नीट येत असेल तर एवढा खटाटोप करू नका. दहा-अकरा हजारांत वॉरंटीचा नवा फोन घ्या, अपडेटं तरी पुढची काही वर्षं येतील. बँड २८ लागत असेल, किंवा म्हाताऱ्या हाताला बरा कॅमेरा हवा असेल, तर मात्र चार वर्षांपूर्वीच्या तीस-पस्तीस हजारांच्या फोनांकडे बघा. त्यांत बँड भरपूर असतात आणि भाव पडलेले असतात. बॅटरीचे हजार-दोन हजार आधीच धरून भाव करा.

शिमग्याला आम्ही सगळे गावी होतो. पालखी नाचवून आबा दमून आले, माजघरात पाटावर बसले, आणि मुंबईच्या काकांना फोन लावला. मी सवयीने म्हटलं, “आबा, सड्यावर जाऊया का?” त्यांनी हाताने गप्प बसायची खूण केली. पलीकडून काका बोलायला लागले होते.