४४ मिनिटांचा उत्तम अल्बम, ७७ मिनिटांत

अमेरिकन हेवी मेटल बँड मेटॅलिकाचा '७२ सीझन्स' १४ एप्रिल २०२३ ला आला. बारा गाणी, ७७ मिनिटं. नावाचा हिशेब सोपा आहे: आयुष्याची पहिली १८ वर्षं गुणिले चार ऋतू. (आपले सहा ऋतू धरले तर १०८ होतात, जपमाळेएवढे.) त्या अठरा वर्षांत अंगाला चिकटलेलं माणूस पुढे किती वागवतो, हा विषय. मुखपृष्ठावर पिवळ्याधमक रंगात जळका पाळणा.

इंदूरहून गाडीत लावला तर शेवटचं गाणं येईतो उज्जैन जवळ आलेलं असतं. अडचण नेमकी तीच. 'स्लीपवॉक माय लाइफ अवे'चा रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा वाजणारा छोटा तुकडा) झकास आहे, पण सात मिनिटं पुरेल एवढा नाही. त्याला लागूनच 'यू मस्ट बर्न!', तेही सात मिनिटांचं आणि संथ. इथे पहिल्या तीन गाण्यांनी घेतलेला वेग पार बसतो.

म्हणून सात गाणी वेगळी काढा, क्रम मात्र मोडू नका: शीर्षकगीत (७:३९), 'शॅडोज फॉलो' (६:१२), 'स्क्रीमिंग सुइसाइड' (५:३०), 'लुक्स एटर्ना' (३:२२), 'टू फार गॉन?' (४:३४), 'रूम ऑफ मिरर्स' (५:३४), 'इनामोराटा' (११:१०). बेरीज ४४ मिनिटं, म्हणजे रस्ता मोकळा असेल तर देवास. १९८४ चा 'राइड द लाइटनिंग'ही ४७ मिनिटांतच आटोपतो. त्या काळी एलपीच्या दोन बाजूंत बसवायचं म्हणून काटछाट व्हायचीच. आता ती सक्ती उरली नाही, आणि ते ऐकू येतं.

ऐकायचा तो गायक-गिटारवादक जेम्स हेटफील्डचा उजवा हात. ब्रिटिश हेवी मेटल आणि पंकचा वेग एकत्र करून १९८३ च्या 'किल देम ऑल'ने थ्रॅशची, म्हणजे वेगवान, आक्रमक मेटलची, घडी बसवली; तिचा कणा म्हणजे हा हात. प्रत्येक फटका वरून खाली. १९८६ च्या 'मास्टर ऑफ पपेट्स'मध्ये लय मिनिटाला २१२ ठोक्यांच्या आसपास, दर ठोक्याला दोन फटके, म्हणजे सेकंदाला सात, सगळे खालीच. वर-खाली वाजवलं तर हात दमत नाही, पण वरचा फटका हलका पडतो आणि रिफ गुळगुळीत होतो. शिकणारी मुलं कोपरातून जोर लावतात. अर्ध्या मिनिटात हात आखडतो. हालचाल मनगटातून हवी. तळहाताची कड ब्रिजवर (तारा जिथे टेकतात ती पट्टी) टेकलेली: पुढे सरकली की सूर बुजतो, मागे गेली की तार मोकळी वाजते. मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) १४० वर ठेवून सुरुवात करावी. आणि अँपवरचे मिड्स (मधल्या पट्टीचे सूर) शून्यावर नेऊ नयेत. खोलीत एकट्याला तो आवाज भारी वाटतो, बँडमध्ये गिटार झांजांखाली गडप होते.

दुसरा गिटारवादक कर्क हॅमेट याच्या सोलोंबद्दल मात्र हात आखडता घ्यावा लागेल. वाह पेडल (पायाने दाबून गिटारला 'वा-वा' बोलायला लावणारं) म्हणजे पोह्यावरचं जीरावन, इंदुरी मसाला. इथे डबाच उपडा केलाय.

'इनामोराटा' ही या बँडची आजवरची सर्वांत लांब रचना, आणि अल्बममधली सर्वांत चांगलीही. मध्यावर सगळं थांबतं, रॉबर्ट त्रुहियोचा बास जवळजवळ एकटा उरतो, मग गिटारी एकेक करून परततात. इंदूर घराण्याच्या अमीर खाँसाहेबांच्या अतिविलंबित झुमरा तालातल्या ख्यालावर कान तयार झालेल्या इंदूरकराला ही अकरा मिनिटं जड जाऊ नयेत. घाई नसलेली बढत तो ओळखतो.

ग्रेग फिडेलमनचं ध्वनिमिश्रण २००८ च्या 'डेथ मॅग्नेटिक'च्या फाटक्या आवाजापेक्षा कितीतरी बरं. ड्रमर लार्स अल्रिकचा स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) मात्र सतत कपाळावर आदळतो. फोनच्या स्पीकरवर बास नाहीसा होतो आणि 'इनामोराटा'चा मधला भाग रिकामा वाटतो, तेव्हा निदान बरे हेडफोन लावा. स्ट्रीमिंग अॅपमधलं आवाज समान ठेवणारं सेटिंग चालू असू द्या. जुन्या अल्बमशी तुलना तेव्हाच न्याय्य होते.

एलपी घेणार असाल तर तबकड्या दोन, बाजू चार, दर बाजूला सुमारे १९ मिनिटं. तीनदा उठावं लागतं. या अल्बमच्या बाबतीत ते बरंच आहे.