'व्हॉट इज नाऊ' आणि 'विच हॅज बिकम' : आठ महिने रोज वापरल्यानंतरचा अनुभव

मी मुंबईत शनिवार-रविवार हेरिटेज वॉक घेतो, बाकी आठवडा नोकरी. शाळा मराठी मिडियमची, परळमधलीच. इंग्रजी बोलता येतं, कामाचे मेलबिल सगळे व्यवस्थित जातात, पण वॉकमध्ये एक अडचण कायम यायची, ती अशी की मुंबईत जिथे म्हणून बोट दाखवाल ती गोष्ट आधी दुसरंच काहीतरी होती. आणि ते सांगताना माझी वाक्यं तुटायची. 'धिस इज म्युझियम. बिफोर, इट वॉज हॉस्पिटल. नेम वॉज डिफरंट.' ऐकणारे माना हलवायचे पण त्यांच्या डोक्यात एकाच जागी तीन वेगळ्या इमारती उभ्या राहायच्या हे त्यांच्या प्रश्नांवरून कळायचं.

माझी एक मैत्रीण कॉलेजात इंग्रजी शिकवते, ती एकदा वॉकला आली आणि म्हणाली की तुझी माहिती पक्की आहे, फक्त रिलेटिव क्लॉज, म्हणजे 'विच', 'दॅट', 'हू', 'व्हॉट'ने जोडलेली उपवाक्यं, वापरायला लाग. 'काय होतं आणि त्याचं काय झालं' हे एका वाक्यात बसवायचं तर इंग्रजीत त्यांचा फार उपयोग होतो. तेव्हापासून आठ महिने झाले. दर आठवड्याला दोन वॉक, घरी आरशासमोर प्रॅक्टिस वेगळी. आता थोडं अधिकाराने लिहू शकतो असं वाटतंय म्हणून लिहितोय, कारण मराठी मिडियमवाल्याला नेमकं कुठे अडतं ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

पहिली आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे आपला 'चा-ची-चं'. आपण म्हणतो गिरणीचा मॉल झाला, दुधाचं दही झालं. म्हणजे जुनी वस्तू षष्ठीत आणि नवी वस्तू कर्ता. इंग्रजीत हे चालतच नाही. तिथे जुनी वस्तू सरळ कर्ता होऊन बसते, 'द मिल हॅज बिकम अ मॉल'. मी पहिले दोन महिने 'मॉल ऑफ द मिल' असलं काहीतरी बोलत होतो आणि लोकांना वाटायचं गिरणीच्या मालकीचा मॉल आहे. एकदा हे डोक्यात बसलं की पुढचं सोपं जातं, कारण मग आपल्याला निवड करता येते. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या, म्हणजे आताच्या फिनिक्स मॉलच्या, चिमणीकडे बघत 'द मिल, विच हॅज बिकम अ मॉल' म्हटलं की वाक्य गिरणीचं राहतं आणि 'द मॉल, विच वॉज वन्स अ मिल' म्हटलं की मॉलचं होतं. जागा तीच, पण ऐकणाऱ्याची नजर कुठे जाते ते बदलतं. मी आता लोअर परळला मुद्दाम पहिलंच वाक्य वापरतो. चिमणी अजून उभी आहे, मग वाक्य तिच्यापासूनच सुरू व्हायला हवं.

दुसरी गोष्ट स्वल्पविरामाची. बोलताना कुठला आलाय स्वल्पविराम असं मला वाटायचं, पण बोलण्यात तो म्हणजे थांबा. एकदा मी घाईत न थांबता 'द मॉल दॅट वॉज अ मिल' असं बोलून गेलो तर मँचेस्टरहून आलेल्या एका आजोबांनी विचारलं, म्हणजे इथे अनेक मॉल आहेत आणि त्यातला जो गिरणी होता तो हा का? बरोबर होतं त्यांचं. न थांबता बोललं की तो क्लॉज अनेकांतून एक निवडून देतो, थांबून बोललं की आधीच ठरलेल्या वस्तूबद्दल जास्तीची माहिती देतो, आणि थांबून बोलायचं तर 'दॅट' नाही, 'विच'च. ते आजोबा पुढे बराच वेळ बोलत राहिले, त्यांच्याकडेही कापडाच्या गिरण्यांचे फ्लॅट झालेत, आणि त्यांच्या तोंडून 'व्हॉट यूज्ड टु बी' इतक्या सहज येत होतं की मी नुसता ऐकत राहिलो.

आता 'व्हॉट'बद्दल, हे माझं सगळ्यात आवडतं. 'व्हॉट इज नाऊ', 'व्हॉट वॉज देन', 'व्हॉट वॉज वन्स'. याला मागे नाम लागत नाही, 'व्हॉट'च्या पोटातच ते असतं, आपलं 'जे' आणि 'ते' दोन्ही एकाच शब्दात. गाईडसाठी हे सोनं आहे, कारण नावं बदलतात. बोरीबंदरच्या स्टेशनला 1887 मध्ये व्हिक्टोरिया राणीचं नाव मिळालं, 1996 मध्ये ते छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं आणि 2017 मध्ये त्यात 'महाराज' आलं. शहराचं इंग्रजी नाव अधिकृतपणे 1995 मध्ये बदललं. मग 1887 ची गोष्ट सांगताना शहराला काय म्हणायचं? 'इन व्हॉट वॉज देन बॉम्बे' म्हटलं की प्रश्न मिटला, इतिहासही बरोबर आणि आजच्या नावाचा मानही राहतो. भायखळ्याला तसंच, 1872 मध्ये उघडलेलं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, 'व्हॉट इज नाऊ द भाऊ दाजी लाड म्युझियम', हे नाव 1975 चं. एकच काळजी घ्यायची, एकवचन-अनेकवचन. सात बेटं म्हणताना 'व्हॉट वेअर वन्स सेव्हन आयलंड्स', इथे 'वॉज' म्हटलं की कानाला खटकतं.

काळांचा खरा कस लागतो परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटपाशी. पोर्तुगीजांच्या वेळी तिथे ख्रिस्ती मठ होता, मग इंग्रजांच्या गव्हर्नरचा बंगला झाला, आणि 1899 मध्ये त्याच वास्तूत प्लेगची प्रयोगशाळा आली जिला 1925 मध्ये प्लेगची लस बनवणाऱ्या हाफकिन या शास्त्रज्ञाचं नाव दिलं. चार टप्पे. 'हॅज बिकम' म्हणजे झालंय आणि आजही आहे. 'बिकेम' म्हणजे तेव्हा झालं, आज असेल नसेल. 'हॅड बीन' म्हणजे त्याच्याही आधीचं. आणि 'वुड लेटर बिकम' म्हणजे आपण त्या काळात उभे राहून पुढचं सांगतोय. 'द हाऊस, विच हॅड बीन अ फ्रायरी, बिकेम अ प्लेग लॅबोरेटरी, विच वुड लेटर बिकम द हाफकिन इन्स्टिट्यूट'. हे वाक्य बसायला मला तीन आठवडे लागले, पण ज्या दिवशी ते न अडखळता आलं त्या दिवशी गटातली एक मुलगी मागे वळून परत गेटकडे बघायला गेली. तरी एक सांगतो, अशी लांब साखळी एका वॉकमध्ये एकदाच. दर इमारतीला लावली की लोक थकतात, 'विच'वर 'विच' चढत जातो आणि तिसऱ्यानंतर कशाबद्दल बोलतोय तेच कळत नाही. मीच चार-पाच वॉक तसे वाया घालवले.

माणसांबद्दल वापरताना वेगळीच गंमत आहे, ती मला फार उशिरा कळली. माणूस म्हटला की 'हू' असं आपल्याला शाळेत घोटून घेतलेलं असतं. पण 'तो पूर्वीचा माणूस राहिला नाही' हे सांगताना 'ही इज नॉट द मॅन हू ही वॉज' चालत नाही, तिथे 'द मॅन दॅट ही वॉज' किंवा सरळ 'द मॅन ही वॉज'. 'बिकम'लाही तेच, 'द मॅन ही हॅज बिकम'. कारण तिथे कोण असं विचारायचं नसतं, काय होता आणि काय झाला हे सांगायचं असतं. मैत्रिणीने हे समजावलं तेव्हा मला माझे वडीलच आठवले, कारण ते वाक्य मी त्यांच्याबद्दल बोलायला म्हणूनच तिला विचारलं होतं.

आबा, म्हणजे माझे वडील, कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. आबा पुढे वॉचमन झाले, मग भाजीची गाडी, मग काही वर्षं घरीच.

मागच्या महिन्यात ते पहिल्यांदा माझ्या वॉकला आले. मी चिमणीखाली माझं ठरलेलं वाक्य बोललो आणि गटातल्या एका बाईंनी विचारलं, 'अँड व्हॉट बिकेम ऑफ द वर्कर्स?' मी 'ऑफ' ऐकलाच नाही. मला वाटलं कामगार काय झाले असं विचारतायत, म्हणून मी वॉचमन, हमाल, भाजीवाले असं सांगत सुटलो. त्या थांबल्या आणि त्यांनी परत विचारलं, 'ऑफ'वर जोर देऊन, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. 'व्हॉट डिड द वर्कर्स बिकम' आणि 'व्हॉट बिकेम ऑफ द वर्कर्स' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचा अर्थ, त्यांचं पुढे काय झालं? त्यांचं. आठ महिने जो 'चं' मी इंग्रजीतून काढून टाकायला शिकत होतो तो इथे जसाच्या तसा होता.

मी आबांकडे वळून मराठीत विचारलं, या विचारतायत कामगारांचं काय झालं. आबा सांगायला लागले, आधी गिरणीच्या भोंग्यापासून, आणि मी वाक्य वाक्य इंग्रजीत करत गेलो. वॉक त्या दिवशी पाऊण तास लांबला.